सी ड्राइव्ह रिकामा करताना

माझ्या नवऱ्याची वाचा गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं. "काय झालं?" म्हणून मी विचारलं, तर तोंडातून जे आलं ते शब्द नव्हते. राहुरीहून नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उजवी बाजू लुळी पडली होती. हातपाय नंतर बऱ्यापैकी परतले. काठी घेऊन चालायला लागले, डाव्या हाताने जेवायला शिकले. वाचा तेवढी परतली नाही. सगळ्या भाषेतून एकच शब्द उरला. नाही.

भूक लागली तरी नाही आणि पोट भरलं तरी नाही. बंगळुरूहून मुलीचा फोन आला की हसऱ्या चेहऱ्याने, पोर समोर असल्यासारखं, "नाही, नाही, नाही." मान हलवण्यातही तोच गोंधळ. नगरला आम्ही ज्या स्पीच थेरपिस्टकडे जायचो, त्या मुलीने मला पहिल्याच भेटीत समजावलं होतं, "काकू, काकांच्या मनात हो असतं, तोंडातून नाही येतं. तुम्ही शब्दाकडे लक्ष देऊ नका. चेहऱ्याकडे बघा, हाताकडे बघा." मी बघायला शिकले. निदान मला तसं वाटत होतं.

तिनेच सांगितलं, रोज संध्याकाळी ओळखीचे फोटो दाखवा, जुने व्हिडिओ लावा, माणसांची नावं घ्या, त्यांना घ्यायला लावा. म्हणून ह्यांचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीतून आत, पलंगाजवळ आणला.

तो कॉम्प्युटर पूर्णपणे ह्यांचा होता. हे विद्यापीठात कांद्याच्या वाणांवर काम करायचे. वाफ्यात उतरून एकेका कांद्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचे आणि घरी आणून साठवायचे. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. कांद्यांच्या जागी घरातली माणसं आली, एवढंच. लग्नं, बारशी, मुळा धरणावरच्या सहली, मी गच्चीवर पापड वाळत घालतेय, मी शाळेच्या निरोपसमारंभात नारळ घेऊन अवघडून उभी आहे. मी पडले भूगोलाची शिक्षिका. मार्कशीट टाइप करण्यापलीकडे त्या यंत्राशी माझा संबंध नव्हता. "अहो, हे अडकलं," असं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. ते येऊन दोन बटणं दाबायचे की काम झालेलं असायचं.

आमच्या संध्याकाळच्या बैठका चांगल्या चालल्या होत्या. मी फोटो लावायचे, हे बोट ठेवायचे, मी नाव घ्यायचे, ते ओठ हलवून बघायचे. आवाज निघायचा तो "नाही"चाच, पण त्याच्याआधी काहीतरी दुसरं बाहेर यायची धडपड दिसायची. त्यात मुलगी नवे व्हिडिओ पाठवायची, व्यायामाचे व्हिडिओ असायचे, माझ्या मोबाइलमधलं सगळं मी त्यातच ओतत होते. हळूहळू कॉम्प्युटर रखडायला लागला. व्हिडिओ लावला की चित्र थांबायचं आणि आवाज पुढे जायचा. मग एक दिवस नुसताच गोल फिरत राहिला. मुलीला फोन केला. तिने काय काय उघडायला लावलं आणि म्हणाली, "आई, सी ड्राइव्ह भरलाय. पट्टी लाल दिसतेय ना? कॉम्प्युटर चालायला जी जागा लागते, तीच फोटोंनी व्यापलीय. डी ड्राइव्ह अख्खा रिकामा पडलाय. फोटोंचे, व्हिडिओंचे फोल्डर तिकडे हलव."

कसं हलवायचं तेही तिने सांगितलं. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात लोकेशन, तिथे मूव्ह, मग डी ड्राइव्हमधली नवी जागा दाखवायची. "बाबा शेजारी असतील तर त्यांना विचार, त्यांना पाठ आहे," ती म्हणाली. आणि मीटिंग होती म्हणून तिने फोन ठेवला.

दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बसलो. बाहेर रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्यांच्या धडधडीने खिडकीची काच वाजत होती. ह्यांना काय करायचंय ते सांगितलं तेव्हा चेहरा असा उजळला, की आजारपणानंतर तसा मी पाहिला नव्हता. कुणीतरी पुन्हा त्यांच्याकडे त्यांचं काम घेऊन आलं होतं. खुर्ची पुढे ओढून घेतली. माउस माझ्या हातात, बोट त्यांचं. डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर टेकवून ते दाखवायचे, मी दाबायचे. राइट क्लिक कुठे, लोकेशन कुठे, नवं फोल्डर कुठे बनवायचं, सगळं बरोबर. एकदा मी चुकीच्या ठिकाणी गेले तर माझ्या मनगटावर टिचकी मारली. जुनी सवय. मला हसू आलं, त्यांनाही.

मग स्क्रीनवर एक चौकट उघडली. जुन्या जागेवरच्या सगळ्या फाइली नव्या जागेवर हलवायच्या का? खाली शेजारी-शेजारी बटणं, हो आणि नाही.

"अहो, विचारतंय, फाइली हलवायच्या का. हो म्हणू ना?"

"नाही."

"नाही म्हणू?"

"नाही, नाही!" बोट स्क्रीनवर आलं, पण नेमकं बसलं नाही. ते दोन्ही बटणांच्या मधोमध टेकलं.

इतके महिने मी ह्यांच्या नाहीला नाही मानलं नव्हतं. भूक, तहान, औषध, सगळ्यात मी चेहरा वाचत होते. पण हा कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटरच्या बाबतीत आयुष्यभर ते म्हणतील तसं केलेलं. त्या क्षणी मी आजारी माणसाला विचारत नव्हते, ज्याला सगळं येतं त्याला विचारत होते. आणि त्याने नाही म्हटलं होतं. मी नाही दाबलं.

चौकट मिटली. मी फोटोंचं फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं. पांढरं पान, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं की हे फोल्डर रिकामं आहे.

मी बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. कांदे नाहीत, पापड नाहीत, मुलगी नाही. ह्यांनी माझ्या हातातून माउस ओढला, पण डाव्या हाताला तो आवरेना, बाण स्क्रीनभर सैरावैरा धावायला लागला. त्यांनी टेबलावर तळहात आपटला. "नाही! नाही! नाही!"

आणि मी म्हणाले, "अहो, तुम्हीच नाही म्हणालात ना!"

ते थांबले. तोंड मिटलं. माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. रागाची नजर नव्हती ती. एखाद्याचं एकच नाणं उरलेलं असावं आणि तेही कुणी खोटं म्हणून परत करावं, तसा चेहरा झाला. मग उठले. काठी तिथेच राहिली. भिंतीला धरून पुढच्या खोलीत गेले आणि दिवाणावर आडवे झाले.

मुलीचा फोन संध्याकाळपर्यंत लागला नाही. लागल्यावर मी रडतच सांगितलं. ती आधी घाबरली, मग मी काय दाबलं ते नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "आई, शांत हो. काही गेलेलं नाही. फोल्डरचा पत्ता तेवढा बदललाय, सामान जुन्याच जागी आहे." सी ड्राइव्हमध्ये आत आत जायला लावलं. ह्यांच्या नावाचं एक फोल्डर होतं, त्यात फोटोंचं जुनं फोल्डर, आणि त्यात सगळं होतं तसं होतं.

मी धावत बाहेरच्या खोलीत गेले. "अहो, सगळं आहे! काही गेलं नाही, मीच चुकीचं बटण दाबलं." ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. ऐकलं त्यांनी, पाठ जराशी हलली त्यावरून कळलं. पण त्या दिवशी नाहीसुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने उरलेलं काम केलं. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं, सगळं डी ड्राइव्हवर नेलं. प्रत्येक वेळी चौकट आली आणि प्रत्येक वेळी मी हो दाबलं. लाल पट्टी निळी झाली, कॉम्प्युटर नव्यासारखा पळायला लागला. ते दाखवायला मी हाका मारत राहिले, पण हे उठले नाहीत.

त्यानंतर आमची संध्याकाळची बैठक मोडली. मी फोटो लावले की ते डोळे मिटून घ्यायचे. नगरलाही तोंड उघडेनासे झाले. थेरपिस्ट मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, घरी काही झालं का?" मी सांगितलं. तिने मला दोष दिला नाही. म्हणाली, "असं होतं. माणूस शब्दाला घाबरतो मग. थोडं थांबू या." आम्ही थांबलो. घर इतकं शांत झालं की मला त्या नाहीची आठवण यायला लागली. कुकरची शिटी झाली की मी मुद्दाम मोठ्याने काहीतरी बोलायचे, नुसता आवाज व्हावा म्हणून.

बाजरी निघाल्यावर माझे धाकटे दीर आले. ह्यांचं गाव पाथर्डीकडचं. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला इकडच्या भागात यायचे. हा थोरला मुलगा वसतिगृहात राहून शिकला आणि नोकरीला लागला, धाकटा शेतीत राहिला. आजारपणात भावजी दवाखान्यात येऊन गेले होते, पण तेव्हा हे गुंगीत होते. मग त्यांचंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यामुळे दोघा भावांची निवांत भेट ही अशी पहिलीच. एसटीने आले, खांद्यावर बाजरीचं पोतडं.

आल्याबरोबर ते दिवाणापाशी खाली सतरंजीवर बसले. आमच्याकडे येणारे बाकीचे लोक ह्यांच्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलायचे, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. भावजी तसं काही करेनात. आपल्या नेहमीच्या चालीत सुरू झाले.

"दादा, औंदा पाऊस लई झाला बघ. निम्मी बाजरी भिजली. उरली त्यातली आनलीय तुला. भाकर खातो ना?"

"व्हय."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला वाटलं भावजीच बोलले.

"हिरीला पानी वरपातूर आलंय. तू येऊन बघाय पायजे. येतो का उन्हाळ्यात?"

"व्हय."

आता मी ह्यांचे ओठ पाहिले होते. हातातला ट्रे तसाच धरून मी पुढे आले. "भावजी, हे आत्ता काय म्हणाले?"

"व्हय म्हनला की. का?"

"अहो, वर्षभरात ह्यांच्या तोंडून एकदाही हो आलेलं नाही. किती प्रयत्न केले आम्ही."

भावजींनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "हो कशाला म्हनल त्यो, वहिनी? आमच्यात कुनी हो म्हनतं का?"

मी ह्यांना विचारलं, "चहा घेणार?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही," आणि कपासाठी हात पुढे केला. मग मी घसा साफ केला आणि म्हणाले, "च्या घेता का तुमी?" माझ्या तोंडी ते नाटकातल्या वाक्यासारखं आलं असणार. हे हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण खरंखुरं हसले. "व्हय," म्हणाले.

भावजी दोन दिवस राहिले. ते गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. आमचं लग्न झालं तेव्हा हे माझ्यासारखंच बोलायचे. मला वाटायचं, हीच त्यांची बोली. नोकरीत नवे असताना साहेबांना फोनवर "व्हय साहेब" म्हणाले आणि सगळं ऑफिस हसलं, असं त्यांनी मला एकदा गंमत म्हणून सांगितलं होतं. मीही हसले होते. त्यापुढे काय झालं, ते हसू त्यांनी कसं घेतलं, हे मला विचारावंसं वाटलं नाही. गावाकडून फोन आला की ते व्हरांड्यात जाऊन बोलायचे. मी समजायचे, आत रेंज येत नसेल. तिथे ते त्यांच्या भाषेत बोलत होते, आणि आत आले की दार लावावं तशी ती भाषा बाहेर ठेवत होते. मुलगी माझी भाषा बोलत मोठी झाली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याशी एकही वाक्य आपल्या आईच्या बोलीत म्हटलं नाही. मी नको म्हटलं नव्हतं. पण बोला असंही कधी म्हटलं नव्हतं.

थेरपिस्टला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. लहानपणी रुजलेले शब्द कधीकधी असे आधी परततात, म्हणाली. "त्या भाषेतलं काही रेकॉर्डिंग आहे का घरी? त्यांच्या आवाजातलं असेल तर फार बरं." मी म्हटलं, खूप आहे. डी ड्राइव्ह भरून आहे.

घरी येऊन मी बसले. एकेक व्हिडिओ उघडला. सगळे ह्यांनीच काढलेले, त्यामुळे चेहरा कशातच नाही, आवाज मात्र जागोजागी. "जरा इकडे बघा." "उजेडात या." "हसा की थोडं." प्रत्येक ठिकाणी माझी भाषा, शुद्ध, नीटनेटकी. कित्येक दिवस मी शोधत होते. अखेर गावाकडच्या जत्रेतला एक सापडला. कॅमेरा देवळासमोरच्या गर्दीवर आहे आणि मागे दोघं भाऊ बोलताहेत. कसली तरी लहानपणची आठवण निघालेली, कुणाची तरी शेळी आणि उसाची मोळी. हे भरभर, हसत, मी कधी न ऐकलेल्या आवाजात सांगताहेत, "आन मंग म्या म्हनलं, आरं धर की तिला..." तेवढ्यात एका बाईचा आवाज येतो, "अहो, पुरे आता, बॅटरी संपेल." चित्र थांबतं. तो आवाज माझा.

तेवढाच तुकडा आहे. शेळीचं पुढे काय झालं म्हणून मी भावजींना विचारलं, तर त्यांना आता आठवत नाही. ह्यांना आठवत असणार. व्हिडिओ लावला की ते लक्ष देऊन ऐकतात आणि तो संपतो तिथे माझ्याकडे बघतात. पुढचं सांगता येत नाही.

पुन्हा संध्याकाळी बसायला लागलो आहोत. शब्द थोडे वाढले. व्हय, न्हाई, पानी, दे, इकडं. "नाही" आता क्वचित येतं. वाक्य येत नाही, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की फार आशा धरू नका. रविवारी भावजींचा फोन येतो. तो मी व्हरांड्यात नेत नाही, इथेच स्पीकरवर लावते आणि शेजारी बसते. काही शब्द मला कळत नाहीत. ते मध्येच विचारते आणि भावजी समजावतात. नवऱ्याची भाषा मी आता दिराकडून शिकते आहे. ह्या वयात जीभ वळत नाही नीट, पण शिकते.

गेल्या आठवड्यात फोन झाल्यावर हे खिडकीबाहेर बघत बसले होते. एक गोष्ट कधीपासून माझ्या मनात होती. उत्तर एका शब्दात देता येईल असा प्रश्न करायला मला वेळ लागला. शेवटी त्यांच्याच बोलीत, अडखळत विचारलं, "तुमाला हितं, आपल्या घरात, परकं वाटायचं का वो?"

खरं सांगायचं तर मी न्हाईची वाट बघत होते. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. शब्द सापडत नाही म्हणून नव्हे. आता तो फरक मला कळतो.

"व्हय," ते म्हणाले.

कधी, कशामुळे, किती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. सांगायला त्यांच्याकडे आता काही उरलेलं नव्हतं. ज्या वर्षांत उरलेलं होतं, त्या वर्षांत मी विचारलं नाही. स्वयंपाकाची वेळ झाली होती म्हणून मी उठायला लागले. त्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला आणि दिवाणावर शेजारी जागा केली. मी पुन्हा बसले. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर लावला नाही.